एका कुकरात चौघांचं जेवण

मागच्या श्रावणात मुलीचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. कॉलेजच्या तपासणीत बोट टोचून काढलेलं रक्त, म्हणून लॅबमध्ये पुन्हा करून घेतलं. तिथे ९.६ आलं. बारा तरी हवं. ती तेव्हा बारावीत होती. जिना चढताना मध्ये एकदा थांबायची, आणि आम्ही घरातले सगळे धरून चाललो होतो की पोर अभ्यासाने दमते.

माझी बायको रुग्णालयात सिस्टर आहे. तिने रिपोर्ट वाचला, डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. त्या रात्री ड्युटीला निघताना ती चपला घालता घालता मला म्हणाली, "अहो, गोळ्यांचं मी बघते. ताटाचं तुम्ही बघा."

ताटाचं खरंच कुणी बघत नव्हतं. आमचं घर नगरला, सावेडीत. घरात चौघं. आई ७६ वर्षांची, तिला साखर आहे आणि दाढा जवळजवळ नाहीतच. हिची ड्युटी आठवड्याला बदलते, कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, दोन वाजता घरी येतो, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक बराचसा माझ्याकडे. पोळी-भाजी-वरण-भात असा पूर्ण स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस व्हायचा. बाकीचे दिवस भात-वरण, मुगाची खिचडी, पोहे, नाहीतर नूडल्स. जो तो आपापल्या वेळेला येऊन कढईतलं वाढून घ्यायचा. भाजी असली तरी मुलगी ती ताटाच्या कडेला सरकवून ठेवायची, आणि कुणी बघायला नसायचं.

म्हणून मला एकच पदार्थ हवा होता. चार वाट्यांचं ताट उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण चार वाट्यांतली एक वगळता येते. सगळं एकाच भांड्यात असलं की वगळायला जागा राहत नाही, आणि रात्री नऊला येणाऱ्यालाही तेच मिळतं जे सात वाजता जेवणाऱ्याला मिळालं. आपल्याकडे असे पदार्थ पूर्वीपासून आहेत. हिच्या माहेरी वरणफळं होतात, आमच्याकडे हिवाळ्यात शेंगोळे. उकळत्या रश्श्यात कुळथाचे शेंगोळे सोडले की त्या दिवशी दुसरं काही करत नाहीत.

मी आधी काय खातो आहोत ते मोजायला घेतलं. स्वयंपाकघराचा छोटा वजनकाटा आणला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले आहेत, ५२८ पदार्थांचे. कच्च्या १०० ग्रॅममध्ये काय किती आहे ते त्यात मिळतं. रोज किती लागतं याचे आकडे त्याच संस्थेचे २०२०चे आहेत. प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. मुलीच्या वयाला लोह ३०च्याही पुढे लागतं.

मग आमची नेहमीची मुगाची खिचडी काट्यावर ठेवली. एका ताटाच्या वाटणीला ७५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम धुतलेली मूग डाळ येत होती. प्रथिनं १२ ग्रॅम, लोह दीड मिलिग्रॅम. दीड! दिवसाचं लोह भरायचं तर अशी एकोणीस ताटं लागतील. मी ते गणित दोनदा करून पाहिलं. ज्या जेवणाला आम्ही "हलकं आणि पौष्टिक" म्हणत आलो, ते हलकं नक्कीच होतं.

पहिला प्रयोग मी कागदावरून केला, आणि तीच चूक झाली. तक्त्यात ज्याचा आकडा मोठा ते सगळं घेतलं. सोयाबीन, कॅल्शियमसाठी नाचणीचं पीठ, ओमेगा-३ साठी जवस, लोहासाठी पालक, वरून तांदूळ आणि मूग. कागदावर बेरीज फार सुंदर आली. कुकर उघडला तेव्हा जवसाचा बुळबुळीत चिकटा सगळीकडे पसरला होता, नाचणीच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि सोयाबीनचा उग्र वास स्वयंपाकघरात भरला होता. मुलीने दोन घास खाल्ले आणि पाणी प्यायली. आईने मात्र वाढलेलं सगळं संपवलं, कारण अन्न टाकणं तिला माहीत नाही. हात धुऊन आल्यावर शांतपणे म्हणाली, "असं रोज कुणी खाणार नाही रे."

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. रोज खाल्लं जाईल तेच मोजायचं, बाकीच्या बेरजांना अर्थ नाही.

वहीत पालकाच्या नावावर तेव्हाच काट मारली. पालकात कॅल्शियम दिसतं खरं, पण त्यातल्या ऑक्झॅलेटने ते बांधलेलं असतं, अंगाला फारसं लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसते आकडे उतरवत होतो. धान्य-कडधान्यांतल्या लोहाचीही तीच गत. फायटेट नावाचा त्यांच्यातलाच घटक त्याला धरून ठेवतो. भिजवलं, मोड आणले की फायटेट कमी होतं. म्हणजे आपल्या आया-आज्या कडधान्य रात्री भिजत घालत होत्या ते नुसतं लवकर शिजावं म्हणून नव्हतं, किंवा त्यांना तेवढंच कारण माहीत असेल, पण फायदा दोन्हीचा मिळत होता.

तांदळाच्या जागी काय, याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात होतं. १०० ग्रॅम बाजरीत ११ ग्रॅम प्रथिनं आणि सव्वासहा मिलिग्रॅमच्या वर लोह. तांदळात ते पाऊण मिलिग्रॅमही नाही. बाजरीची भाकरी आम्ही खातोच, पण भाकरी थापायला माणूस लागतो आणि भाकरीचा ऐन वेळी कंटाळा येतो. तेव्हा बाजरीचीच खिचडी.

पहिल्यांदा बाजरी रात्रभर भिजवून तशीच कुकरला लावली. सहा शिट्ट्या. डाळ विरघळून गेली आणि बाजरी दाताखाली कचकच करत राहिली. दुसऱ्या दिवशी दहा शिट्ट्या. बाजरी थोडी फुटली, पण तिचं साल सुटून घशाला लागायला लागलं. आईला तर ते गिळवेना.

"अरे, ती अशी शिजत नसती," ती म्हणाली. "आधी कांडावी लागती."

पाथर्डीच्या बाजूला तिच्या माहेरी दगडी उखळ होतं. आता उखळ नाही, पण तिने मिक्सरवर करून दाखवलं, आणि हे करून बघणाऱ्यासाठी मी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी खिचडी इथेच जमते किंवा बिघडते. दोन वाट्या बाजरी निवडून, धुऊन चाळणीत निथळली. मग परातीत पसरून तिच्यावर पाण्याचा हबका मारला, हाताने खालीवर केली आणि ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं झाकून ठेवली. एक दाणा उचलून तिने नखाने दाबून पाहिला, साल सैल झालं होतं, आतला दाणा अजून टणक होता. "आता." मिक्सरच्या भांड्यात निम्मीच घ्यायची. बटण उलट्या बाजूला, एक झटका, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा एक झटका. चार झटक्यांच्या वर नाही. पाचव्याला पीठ व्हायला लागतं आणि पीठ झालं की खिचडी पिठल्यासारखी चिकटते. मग ते सगळं सुपात. आईचं मनगट ७६ व्या वर्षीही असं चालतं की कोंडा सुपाच्या टोकाशी जाऊन अलगद खाली पडतो आणि भरड मागे राहते. मी घेतलं तेव्हा कोंड्याबरोबर बाजरीही जमिनीवर आली. आठवडाभर रोज करून मला ते जमलं. फार कोंडा आम्ही काढत नाही. चोथा आणि लोह त्यातही आहे. घशाला टोचणारं तेवढंच जाऊ द्यायचं.

एका रविवारी मी उत्साहाने दोन किलो बाजरीची भरड करून डब्यात भरली. बाराव्या दिवशी डबा उघडला तर खवट वास. बाजरीत तेलाचा अंश इतर धान्यांपेक्षा जास्त असतो, दाणा फुटला की तो लवकर खवटतो. आता तीन दिवसांची भरड करतो, तीही फ्रीजमध्ये.

डाळीत दोन बदल केले. धुतलेल्या मुगाऐवजी सालीची मूग डाळ, आणि जोडीला मोड आलेली मटकी. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्याच्या प्रथिनात त्यातलं लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात बऱ्यापैकी असतं. दोन्ही एकमेकांची उणीव भरतात. ते एकाच घासात असायला हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं तरी चालतं. पण एकाच पदार्थावर जेवण उभं करायचं तर दोन्हींचं माप नीट हवं. माझ्या वहीत खूप खाडाखोड करून ते पाचाला तीनच्या जवळ येऊन थांबलं: धान्य पाच भाग, डाळ-कडधान्य मिळून साडेतीनच्या आत. त्याच्या वर डाळ गेली की आईला पोटात वायू धरायचा. मटकीला मोड आणले की तो त्रास कमी होतो हे तिचंच सांगणं, आणि आमच्या घरात ते खरं ठरलं.

मटकी सकाळी भिजत, संध्याकाळी निथळून फडक्यात बांधायची. एप्रिल-मेमध्ये सकाळपर्यंत मोड हजर. डिसेंबरात मात्र दुसरा दिवस उजाडतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून डबा गव्हाच्या पिंपात ठेवतो.

पालेभाजीची जागा शेवग्याने घेतली. आमच्या गल्लीच्या टोकाला शेवग्याचं झाड आहे, मालक शेंगा उतरवून घेतात, पाला कुणी नेत नाही. विचारलं तर म्हणाले, "न्या की, सर, हवा तेवढा." १०० ग्रॅम पाल्यात ३००च्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅम लोह. पण ती बारीक बारीक पानं डहाळीवरून ओरबाडायची म्हणजे अर्धा तास जातो, आणि रोज अर्धा तास देणार कोण? ही युक्ती मला भाजीवालीने सांगितली. फांद्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळायच्या आणि रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी पुरचुंडी दोन्ही हातांनी झटकली की पानं आपोआप सुटून खाली पडतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा फडकं उघडल्यावर हिरव्या पानांचा ढीग आणि बाजूला मोकळ्या काड्या बघून मुलगी मुद्दाम दुसरी पुरचुंडी झटकायला आली.

पाला कुकरमध्ये घातला की कडवट होतो आणि रंग काळपट पडतो. वाफ जिरल्यावर झाकण काढायचं, पाला घालायचा, पाच मिनिटं मंद आचेवर. तेवढ्याने शिजतो.

आता होतं ते असं. चौघांना दोन वाट्या बाजरीची भरड, पाऊण वाटी सालीची मूग डाळ, अर्धी वाटी मटकी (मोड येण्याआधी मोजलेली), मूठ-दीड मूठ शेंगदाणे. आमच्या वाटीत १२० ग्रॅम बाजरी बसते, तुमची वाटी मोजून घ्या. भरड, डाळ आणि शेंगदाणे चार तास भिजत. कुकरमध्ये दोन-तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हळद, मग टोमॅटो, गाजर, लाल भोपळा, थंडीत मटार, सगळं मिळून तीनशे ग्रॅम. मटकी परतून घ्यायची. चवीला येसर (धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ), आमच्याकडे ते असतंच, नसेल तर काळा मसाला. नऊ वाट्या आधणाचं पाणी. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पंधरा मिनिटं. वाफ आपसूक जिरू द्यायची. नंतर शेवगा. खिचडी आसट हवी, थंड झाली की बाजरी पाणी ओढून घट्ट होते, म्हणून उशिरा येणाऱ्यासाठी गरम पाणी घालून सारखी करायची.

तिळाचा आणि जवसाचा प्रश्न ताटावर सुटला. आख्खे तीळ पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. जवस शिजवले की चिकटतात. तेव्हा दोन्ही भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून एकच कोरडी चटणी कुटून ठेवली. वाढताना प्रत्येकाच्या खिचडीवर दोन चमचे. पहिल्या प्रयोगात जे जवस मुलीने थुंकायचं बाकी ठेवलं होतं, तेच आता ती चटणीच्या बरणीतून नुसते खाते.

या एका ताटात प्रथिनं २२ ग्रॅमच्या आसपास बसतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईच्या दिवसाच्या निम्मी. लोह ८-९ मिलिग्रॅम, कॅल्शियम अडीचशे, उष्मांक साडेपाचशे ते सहाशे. मोजमाप कच्च्या मालावरून आहे, भाजीप्रमाणे आकडे थोडे हलतात. तरी दीडवरून साडेआठवर लोह गेलं, त्या रात्री मला झोप चांगली लागली.

सकाळी रात्रपाळीहून आल्यावर हिने वही वाचली. वर मी मोठ्या अक्षरात "पूर्ण आहार" असं लिहिलं होतं. तिने विचारलं, "बी-१२ कुठेय?"

नव्हतं. वनस्पतीत ते नसतंच. आई माळकरी, तिच्या गळ्यातली तुळशीची माळ पंढरीची. घरात अंडंही येत नाही. आमच्यासारख्यांना ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं, आणि मुलगी दूध सातवीतच सोडून बसली होती. तिचं बी-१२ तपासलं, १४८ आलं, लॅबच्या मर्यादेच्या बरंच खाली. त्याच्याही गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. "तुमची खिचडी चांगली आहे," ही म्हणाली, "पण पूर्ण म्हणू नका. पूर्ण म्हटलं की माणूस बाकीचं सोडतो." मी तो शब्द खोडला. मनापासून सांगतो, या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती हीच होती, आणि ती माझ्या हातून झाली नसती.

दही जेवणात ओतून टाकावं असं मला वाटलं होतं. तिने ते अडवलं. कॅल्शियम भरपूर असलेलं काही त्याच वेळी घेतलं तर लोह कमी शोषलं जातं, आणि मुलीच्या बाबतीत आपल्याला आधी लोह हवं आहे. म्हणून दही दुपारी, डब्यातल्या पोळीभाजीबरोबर, वाटीभर. रात्रीच्या खिचडीवर लिंबू. लिंबाने वनस्पतींतलं लोह अंगाला जास्त लागतं, पण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं, म्हणून लिंबू कुकरात नाही, ताटात. आणि जेवणावर लगेच चहा नाही. हे सगळ्यात जड गेलं. रात्री अभ्यासाला बसायचं म्हणून मुलगी जेवून उठली की चहा टाकायची. चहातलं टॅनिन लोहाला अडवतं हे हिने समजावलं, तरी चार दिवस कुरकूर चालली. आता चहा तासा-दीड तासाने होतो, आणि आईही तिच्याबरोबर थांबते.

आईच्या साखरेचं सांगायला हवं. घरी ग्लुकोमीटर आहे. तांदळाच्या खिचडीनंतर दोन तासांनी तिची साखर २२०च्या आसपास यायची. बाजरीच्या खिचडीनंतर चार वेळा मोजली, १७५ ते १९० मध्ये राहिली. ताटात वाढलेलं तेवढंच होतं, औषधही तेच होतं. एका माणसाच्या चार आकड्यांवरून कुणाला काही सांगू नये, पण तिच्या डॉक्टरांना आम्ही ते दाखवले आणि त्यांनी चालू ठेवा म्हटलं. तिच्यासाठी शेंगदाणे वेगळे कुटून घालतो, आणि तिची वाटणी रवीने जरा घोटून घेतो.

हे रोज सातही दिवस करत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस. एकादशीला आईची भगर आणि शेंगदाण्याची आमटी. रविवारी सगळ्यांच्या सोयीने पूर्ण स्वयंपाक, त्यात मुलीची आवडती बटाट्याची भाजी. धान्यही बदलतं ठेवतो. बाजरी अतिप्रमाणात आणि आयोडीन कमी असलं तर थायरॉइडला त्रास होऊ शकतो, हे वाचल्यापासून आलटून पालटून करतो, आणि मीठ आयोडीनचंच असतं.

मधे एक वाईट आठवडा गेला. दिवाळीनंतर मुलगी म्हणाली, "पप्पा, मला त्या वासाचा कंटाळा आला." मी दुखावलो, हे खरं. तीन महिने मी बाजरी भिजवत होतो, सकाळी पाला झटकत होतो. हिने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि त्याच मालाची वेगळी चव केली. येसर नाही, फोडणीत कढीपत्ता आणि आलं, ताजं खोबरं, शेवग्याऐवजी मेथी, वरून कोथिंबीर. सामान नव्वद टक्के तेच. मुलीने दोनदा घेतलं. तेव्हापासून तीन फोडण्या ठरल्या आहेत: येसराची, आलं-खोबऱ्याची, आणि एक चिंच-गुळाची आमटीसारखी. कुठली करायची ते सकाळी मुलगी सांगते.

डिसेंबरात हिमोग्लोबिन ११.४ आलं. मार्चमध्ये १२.१. गोळ्या फेब्रुवारीपर्यंत चालू होत्या, त्यामुळे वाढ खिचडीने झाली असं मी म्हणणार नाही, ती गोळ्यांनी झाली. गोळ्या थांबल्यावर ते टिकतं का हे बघायचं आहे, आणि तिथे ताट कामाला येईल असं डॉक्टरांचं म्हणणं. जिन्यात ती आता थांबत नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत ती सकाळी कालची खिचडी गरम करून, वर लिंबू पिळून खाऊन जायची, तिने ते मागून घेतलं, आम्ही सांगितलं नव्हतं.

आता चैत्र सुरू झाला. होळी झाली की आई बाजरी बंद करते, उन्हाळ्यात ती उष्ण पडते म्हणून. यावर मी तिच्याशी वाद घालत नाही, ज्वारी आहेच. ज्वारीत लोह बाजरीपेक्षा कमी, चार मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून मटकी थोडी वाढवावी लागेल आणि तिळाची चटणी तीन चमचे. आमच्याकडे अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या, तूरडाळ आणि शेंगदाणे घालतात. तेही अख्खं जेवणच आहे, फक्त त्यात कण्या चवीपुरत्या असतात. मी प्रमाण उलटं केलं. दोन वाट्या कण्या, पाऊण वाटी तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, आणि शेवटी चिरलेली अंबाडी. अंबाडी इतकी आंबट की वर लिंबाची गरज चवीला वाटत नाही, पण मी पिळलं.

काल पहिल्यांदा केली. चव सगळ्यांना आवडली. कण्या मात्र बाजरीपेक्षा जास्त फुगल्या, नऊ वाट्या पाणी कमी पडलं आणि तळाला थोडी लागली. आईने खरवड काढून खाल्ली आणि म्हणाली, कण्या आधी कोरड्या भाजून घे. उद्या भाजून, अकरा वाट्या पाणी घालून बघणार आहे.